नाशिकच्या वाइनरी आणि वाटेवरची ठिकाणं : नऊ जण, दोन दिवस, फेब्रुवारी

ठाणेकर_अनु

फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी नाशिकला जायचं ठरतंय. ठाण्याहून आम्ही दोघं, सासूबाई (वय ७४), मुलं १३ आणि ८ वर्षांची. पुण्याहून मैत्रीण, तिचा नवरा, नणंद आणि १६ वर्षांचा मुलगा. मुक्काम गंगापूर रोडला.

सुला, यॉर्क आणि सोमा शनिवारी एकाच दिवसात उरकता येतील का? रविवारी परतताना इगतपुरीकडची एखादी वाइनरी घ्यायचा विचार आहे. सासूबाई घेत नाहीत, पण यायला त्यांची हरकत नाही. त्यांना आणि मुलांना तिथे बघण्यासारखं काय असतं? दोन गाड्या आहेत, चालवणारे दोघंही चव घेणार. तीन-चार तासांनी गाडी चालवली तर चालतं का? मैत्रिणीकडचे रविवारी संध्याकाळी सापुताऱ्याला जाणार आहेत.

वाटेत थांबण्यासारखी ठिकाणंही सांगा. मॉल आणि फूड कोर्ट नकोत.

---

गोदाकाठ

तीन वाइनरी एका दिवसात करू नका. नकाशावर शक्य दिसतं, कारण सुला आणि यॉर्क एकाच गंगापूर-सावरगाव रस्त्यावर अगदी जवळजवळ आहेत आणि सोमा तिथून थोडं पुढे, गंगावऱ्ह्याला. पण एका ठिकाणची फेरी, चव आणि जेवण मिळून तीन तास सहज जातात. शिवाय सहा-सात वाइन चाखल्यावर जीभ थकते. नंतरच्या सगळ्या सारख्याच लागतात आणि पैसे वाया जातात. लहान मुलं बरोबर असतील तर तिसऱ्या ठिकाणी त्याच टाक्या पुन्हा बघताना ती कंटाळणार हे नक्की.

शनिवारी सुला सकाळच्या पहिल्या फेरीला घ्या. पहिलीच का, तर शनिवारी अकरानंतर मुंबईची गर्दी येऊन थडकते आणि मग माहिती देणाऱ्याचा आवाज मागच्या माणसाला ऐकू येत नाही. आधी फेरी, मग चव, हा क्रम मोडू नका. टाकीत काय चाललंय ते पाहून आलात की पेल्यातला फरक कळतो. नाशिकच्या वाइनचा आजचा व्याप मुख्यतः याच जागेपासून वाढला. इथली पहिली वाइन २००० साली बाजारात आली. मग दुपारची झोप, आणि संध्याकाळी साडेचार-पाचला यॉर्क. तिथून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. यॉर्कला फेरी न करता नुसतं बसलात तरी चालेल. सोमा या वेळी सोडा.

रविवारी परतीच्या वाटेवर व्हॅलोने किंवा ग्रोव्हर झाम्पा यांपैकी एकच. दोन्ही इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या परिसरात आहेत. व्हॅलोने लहान आहे, गर्दी कमी, जेवण चांगलं. नऊ जणांना एकत्र बसायचं असेल तर आधी फोन करून टेबल सांगून ठेवा. ऐनवेळी गेलात तर चार-पाच जणांत वाटून बसावं लागतं.

सासूबाईंसाठी : फेरी उभ्यानेच असते, साधारण अर्धा-पाऊण तास. टाक्यांच्या आणि पिंपांच्या खोलीत गारवा असतो, शाल जवळ असू द्या. हंगामात टाक्या आणि फरशी सतत धुतात, त्यामुळे गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते. रबरी तळव्याचे बूट घाला. पायऱ्या किती आहेत हे आरक्षण करतानाच विचारा. बहुतेक ठिकाणी त्यांना थेट रेस्टॉरंटमध्ये बसवून बाकीच्यांना फेरीला जाता येतं.

मुलांना फेरीला येऊ देतात. चव मात्र २१ वर्षांखालच्या कोणालाही नाही, म्हणजे १६ वर्षांच्या मुलालाही नाही. "एक घोट आमच्या पेल्यातून" असं करू नका, त्याने तिथल्या माणसाचा परवाना अडचणीत येतो. मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवा.

तारखा ठरवताना दोन गोष्टी पाहा. त्या आठवड्यात महाशिवरात्र असेल तर त्र्यंबक रस्ता आणि शहरातली हॉटेलं दोन्ही भरलेली असतात. आणि कुठलीही निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे (दारूविक्री बंद) असतात, मतमोजणीचा दिवसही.

---

निफाडचा_बागायतदार

फेब्रुवारी उत्तम. आपल्याकडे वेलीच्या दोन छाटण्या होतात, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता-सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. गोडी छाटणीवर माल येतो आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. आधी पांढरी (सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां), मागून लाल (शिराझ, कॅबर्ने). फेब्रुवारीच्या मध्याला दोन्ही थोडीथोडी सापडतील. तोडणी पहाटे करतात, कारण तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीला ट्रॅक्टरमधून माल उतरताना, देठ वेगळे होताना आणि रस पडताना बघायला मिळण्याची शक्यता जास्त. आठ वर्षांच्या मुलाला हेच आवडेल.

मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. पांढऱ्या वाइनला द्राक्षं दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनला रस सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो, गरात नसतो. एक काळा मणी बोटांत चिरडायला सांगा. आतून पाणचट, जवळजवळ रंगहीन रस निघतो आणि बोटाला जांभळा डाग सालीचाच लागतो. हे पाहिलं की पुढची सगळी फेरी समजते. मात्र मणी तिथल्या माणसाकडून मागून घ्या. वेलीवरचा स्वतः तोडून तोंडात टाकू नका, बागेत गंधक, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि इतर फवारण्या झालेल्या असतात. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं आणि साखर खायच्या द्राक्षापेक्षा जास्त, २२ ते २४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास. खाऊन बघितलं तर गोड लागेल, पण बिया चावल्या की तोंड आवळतं. ओळीत शिरताना खाली ठिबकच्या नळ्या असतात, पाय अडकतो. आंबणाऱ्या उघड्या टाकीवर वाकून वास घेऊ देऊ नका, वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.

रस्त्यावर खायची द्राक्षं घ्याल, तेव्हा घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखा. घड वरून खाली पिकतो. टोकाचा मणी गोड तर अख्खा घड गोड. विकणारा वरचा मणी तोडून देतो, तो गोडच असणार. देठ हिरवा हवा. तपकिरी, वाळलेला देठ म्हणजे माल दोन-तीन दिवस पडून आहे आणि घरी पोचेपर्यंत मणीगळ होणार. थॉमसन, सोनाका या हिरव्या जातींत अंबरी झाक आली की साखर भरलेली असते, हिरवीगार द्राक्षं दिसायला छान पण आंबट. मण्यावरची पांढुरकी, एकसारखी लव नैसर्गिक असते, ती असलेला माल कमी हाताळलेला. ठिपक्या-ठिपक्यांचा पांढरा थर फवारणीचा. घरी नेऊन लगेच धुऊ नका, न धुता फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना धुवा.

---

सरळ_रस्ता

गाडीबद्दल. "तीन-चार तासांनी" हा हिशेब भरवशाचा नाही. आकडे मांडतो.

चवीच्या एका फेरीत पाच वाइन, प्रत्येकी ३० मिली धरल्या तर १५० मिली होतात. वाइन १३ टक्क्यांची धरली तर त्यात १५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे ३२ मिलिग्रॅम प्रति १०० मिली पातळी येते, ५५ किलोच्या बाईच्या रक्तात ५० च्या आसपास. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे नुसत्या चवीनेच रेषा ओलांडली जाते. वर जेवणाबरोबर एक पेला घेतला तर आकडा जवळपास दुप्पट. शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं, काहींचं १०. कॉफी, लिंबूपाणी, झोप, यांनी वेग वाढत नाही. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि गाडीत सासूबाई नि मुलं आहेत.

शनिवारी सोपं आहे. मुक्काम गंगापूर रोडलाच आहे, दोन्ही गाड्या हॉटेलवर ठेवा आणि दिवसभरासाठी चालकासह मोठी गाडी ठरवा. फक्त जायची गाडी ठरवून परतीचं तिथे बघू म्हणू नका. सावरगाव रस्त्यावर संध्याकाळी ॲपवरची टॅक्सी मिळेलच असं नाही. रविवारी दोन्ही चालकांनी काहीच घ्यायचं नाही. चव बघायचीच असेल तर वास घ्या, घोट तोंडात फिरवा आणि थुंकदाणीत टाका. वाइनरीत हे अजिबात अशिष्ट नाही, थुंकदाणी त्याचसाठी ठेवलेली असते. समोर दिसली नाही तर मागा.

शेवटी देतात ती गोड 'लेट हार्वेस्ट' वाइन हलकी समजू नका. ती सरबतासारखी लागते आणि नवखी माणसं दुसऱ्यांदा मागतात, पण अल्कोहोल इतर वाइनच्या आसपासच असतं.

---

सह्यवाटा

ठाण्याहून येताना समृद्धी महामार्गाने आमणे (भिवंडीजवळ) ते इगतपुरी आलात तर कसारा घाट लागत नाही, सुमारे ८ किलोमीटरच्या जोडबोगद्यातून वर येता. येताना तोच रस्ता घ्या, सकाळची फेरी गाठायची आहे. परतताना जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाने इगतपुरीला घाटनदेवीपाशी थांबून घाट उतरा. दरी ऊन कलल्यावर सुंदर दिसते आणि देवळापर्यंत गाडी जाते, सासूबाईंना चढ नाही.

पांडवलेणी महामार्गालगतच आहेत, नाशिकमध्ये शिरायच्या आधी. २४ लेणी, पण चढायला २०० च्या आसपास पायऱ्या. फेब्रुवारीत दहानंतर दगड तापतो. म्हणून रविवारी सकाळी आठला जा. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम तिने त्यात कोरून घेतलेत. १८ क्रमांकाचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) चुकवू नका. सासूबाई तोवर पायथ्याच्या फाळके स्मारकाच्या बागेत बसू शकतात.

पुण्याच्या मंडळींना सिन्नरवरूनच यायचं आहे, त्यांनी दोन थांबे घ्यावेत. गोंदेश्वर : मधलं शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, यादवकाळातलं पंचायतन. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून भरदुपार टाळा. दुसरं, माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय. आपल्याच काळ्या दगडातल्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून जे स्फटिक तयार झाले, ते तिथे मांडलेत. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट पाहायला सोळा वर्षांच्या मुलाला नक्की न्या. तास-दीड तास पुरतो.

पक्ष्यांची आवड असेल तर नांदूर मध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली जाहीर झालं. पण ते निफाड तालुक्यात, उलट दिशेला आहे. दोन दिवसांत वाइनरीबरोबर कोंबू नका.

---

ठाणेकर_अनु

खूप आभार. तीनच्या दोन केल्या, आणि शनिवारसाठी चालकासह गाडी ठरवते. अजून दोन शंका. मिसळ कधी खायची? आणि बाटल्या घरापर्यंत, मैत्रिणीच्या सापुताऱ्यापर्यंत, कशा न्यायच्या?

---

गोदाकाठ

मिसळ चवीच्या आधी लगेच नको. तर्रीने जीभ पोळलेली असली की वाइन नुसती जळजळते आणि लाल वाइन कडू लागते. शनिवारी सकाळी इडली, पोहे असं काही साधं खा. मिसळ रविवारी पांडवलेण्यांवरून उतरल्यावर. वाइनरीला तुम्ही बारा-साडेबाराला पोचाल, तोवर जीभ ताळ्यावर येते. नाशिकची मिसळ पापड आणि दह्याबरोबर घ्या, मुलांसाठी रस्सा वेगळा मागा. अजून एक, चवीला बसताना गजरा आणि अत्तर नको. एकीने माळलेल्या मोगऱ्याने अख्ख्या टेबलाला वाइनचा वास येईनासा होतो.

बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन तापून फुगते, बूच वर सरकतं, गळते, आणि चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी होते. खरेदी शनिवारी न करता रविवारी निघताना करा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटमागे पायाशी, एसीच्या गारव्यात ठेवा. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी चालते. बुचाची बाटली महिनाभर ठेवायची असेल तर आडवी. पांढरी ८ ते १० अंशांना, लाल १६ ते १८ अंशांना प्यावी, म्हणजे ठाण्याच्या उन्हाळ्यात लालसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये घालून मगच उघडायची. बिल बाटल्यांबरोबरच ठेवा.

सापुताऱ्याला मात्र एकही बाटली नाही. सापुतारा गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे आणि नाशिकचं बिल दाखवून उपयोग होत नाही. उघडलेली अर्धी बाटलीही चालत नाही. त्यांच्या बाटल्या तुमच्या गाडीत ठाण्याला न्या. ती मंडळी वणीवरून जाणार असतील तर वाट थोडी वाकडी करून सप्तशृंगी गडही करता येतो. पायऱ्या नको असतील तर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. पण रविवारी दुपारी वाइनरीत जेवून मग गडावर, हे घरातल्या मोठ्यांना रुचत नाही. त्यांनी दर्शन सोमवारी सापुताऱ्याहून परतताना सकाळी घ्यावं, तेव्हा रांगही कमी असते.