अरोमाटेज इनहिबिशन चाचणी: कंपाउंड स्वतःच चमकतात, मदत हवी आहे

स्तनाच्या कर्करोगावर लेट्रोझोलसारखी औषधं ज्या अरोमाटेज एन्झाइमला रोखतात, त्याच्यावर आमचे नवे फ्लॅव्होनॉइड तपासतोय. रिकॉम्बिनंट सीवायपी१९ए१ (म्हणजे अरोमाटेजच) आणि डायबेंझिलफ्लुरोसीन (एन्झाइमच्या क्रियेनंतर चमकणारा पदार्थ देणारा सबस्ट्रेट) वापरतो. लेट्रोझोलचा आयसी५० (एन्झाइमची क्रिया निम्मी रोखणारी सांद्रता) व्यवस्थित येतो, म्हणजे एन्झाइम आणि त्याला लागणारं सहएन्झाइम एनएडीपीएच ठीक आहेत. अडचण शेवटी येते: अभिक्रिया थांबवायला सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर काही कंपाउंड स्वतःच प्रकाश देतात. एन्झाइमशिवायचा ब्लँक वजा केला तर आकडे उणे जातात. बहुधा क्वेंचिंगही (कंपाउंडमुळे प्रकाश दबणं) होत असावं. डीएमएसओ (कंपाउंडचं द्रावक) ०.२ टक्क्यांच्या आत आहे, कंपाउंड बफरमध्ये नीट विरघळतात, सांद्रता कमी करूनही पाहिली.

ट्रिशियमयुक्त पाणी मोजण्याची पद्धत शक्य नाही, किरणोत्सारी पदार्थांची परवानगी नाही. एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) मिळतं, पण ठरावीक दिवशीच, आणि एन्झाइम महाग असल्याने चाचपडत बसणं परवडत नाही. म्हणून ५० नॅनोमोलर अँड्रोस्टीनडायोनपासून तयार होणारं एस्ट्रोन थेट मोजायचा विचार आहे. ड्युटेरियमयुक्त एस्ट्रोन अंतर्गत मानक म्हणून आहे. एस्ट्रोनचं आयनीकरण कमकुवत असतं, हीच धास्ती आहे.

प्रत्यक्ष हे केलेल्यांना विचारतो: २०० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत डॅन्सिल क्लोराइडने डेरिव्हेटायझेशन (आयनीकरण सुधारणारा गट एस्ट्रोनला जोडणं) करावंच लागतं, की निगेटिव्ह मोडमध्ये (ऋण आयन मोजून) थेट मोजून भागतं?