व्ही.९२ मोडेम घ्यावा का? खोक्यावरचे दावे कितपत खरे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं काम आहे. पानं लावून झाली की झिप करून मेलने पुण्याच्या छापखान्यात पाठवतो. चार एमबीची फाइल जायला वीस-बावीस मिनिटं लागतात. अठराव्या मिनिटाला लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि फोनचं मीटर पळतच असतं.

सध्याचा मोडेम (फोनच्या लाइनवरून नेट जोडणारं यंत्र) ५६के, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६ हजार बिटचा, आणि व्ही.९० या मानकाचा आहे. दुकानदार म्हणतो, त्यापुढच्या व्ही.९२ मानकाचा घ्या, सगळं दुप्पट होईल. त्याने दुकानातल्या मशीनवर जोडून दाखवलं, स्क्रीनवर '१,१५,२००' आलं. मला तिथेच शंका आली. हा आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या सिरीयल पोर्टचा असतो, टेलिफोन लाइनचा नव्हे. लाइनवर ५६ हजारच्या वर काही जातच नाही. गिऱ्हाइकाला हे असं दाखवणं मला बरोबर वाटत नाही.

खोक्यावर लिहिलंय, 'व्ही.४४मुळे वेब दुप्पट वेगाने'. व्ही.४४ म्हणजे माहिती दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत. साध्या मजकुराच्या पानांना तिचा फायदा होत असेल, पण माझी फाइल आधीच झिप केलेली. ती आणखी काय दाबली जाणार?

माझा जीव अडकलाय तो अपलोडमध्ये. व्ही.९०ला वर जाताना ३३,६००ची मर्यादा, व्ही.९२ला ४८,००० म्हणतात. तेवढा वेग खरंच मिळाला तर माझी सात-आठ मिनिटं वाचतील. पण माझ्या समजुतीप्रमाणे त्यासाठी सेवा देणाऱ्याच्या टोकाची यंत्रणाही व्ही.९२ची लागते, आणि एक्स्चेंजपर्यंतची लाइनही तशी स्वच्छ लागते. माझी जोडणी आजवर ३१,२००च्या वर गेलेली नाही. म्हणजे व्ही.९०सुद्धा धड लागत नाही. मग मोडेम बदलून उपयोग काय?

'मोडेम ऑन होल्ड' (फोन आला तर नेट न तोडता थांबवून तो घेण्याची सोय) मात्र घरच्यांना हवंय, कारण मी नेटवर असलो की बहिणीचा फोन लागत नाही. त्यालाही लाइनवर कॉल वेटिंग लागतं ना? आणि नेटचा कॉल होल्डवर असताना मीटर चालूच राहणार, बरोबर?

गावाकडच्या लाइनवर कुणी व्ही.९२ वापरलाय का? वर जाताना प्रत्यक्षात किती वेग मिळाला? लाइनवरचा खरा वेग दिसावा म्हणून मोडेमला कोणती कमांड द्यायची? आणि सेवा देणाऱ्याकडे व्ही.९२ आहे की नाही हे नेमकं कुणाला विचारायचं? मदतीच्या नंबरावरची मुलगी 'हो, ५६के आहे' एवढंच सांगते.

दुकानदाराने शनिवारपर्यंत मोडेम बाजूला काढून ठेवलाय. आठशे रुपये जास्तीचे आहेत, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.

ता. क. : विंडोज ९८, मोडेम बाहेरचा. स्वयंपाकघरातला पॅरलल फोन काढून पाहिला तेव्हा २८,८००वरून ३१,२०० झालं. वायरिंगमध्ये अजून काही करण्यासारखं असेल तर तेही सांगा.