ससा कालपासून खात नाही, लेंड्याही जवळपास बंद. तातडीने मदत हवी आहे

अबोली, नागपूर

नर ससा, वय 2 वर्षं, वजन 1.8 किलो. काल रात्रीचे पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाद्य) तसेच पडून आहेत, सकाळी कोथिंबिरीलाही तोंड लावलं नाही. एरवी लेंड्या हरभऱ्याएवढ्या असतात, रात्रभरात थोड्याच पडल्या आणि त्या मेथीच्या दाण्याएवढ्या. कोपऱ्यात अंग आखडून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवतोय. खाणं: पेलेट हवे तेवढे, गाजर, कोबी, कधी पोळी किंवा बिस्किट. सुकं गवत देत नाही. खोलीत कूलर असतो. घरात बाळांचे पोटदुखीचे थेंब आहेत, ते देऊ का? शेजारी अननसाचा रस द्या म्हणतात.

हरळी

अबोलीताई, लक्षणं आतड्यांची हालचाल मंदावल्याची वाटतात. 10-12 तास खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे तातडीचं प्रकरण, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. दात जोरात करकरणं हे सशात वेदनेचं लक्षण आहे.

तोंडात काहीही घालण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, पोट. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चाचपा. टणक, ताणलेलं, फुगलेलं लागलं तर जठरात गॅस साठलाय किंवा मार्ग अडलाय. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे अशा वेळी भरवलेलं सगळं जठरातच साचतं आणि दाब वाढतो. मग एक थेंबही न भरवता थेट दवाखाना.

दुसरी, तापमान. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात साधारण एक सेंटीमीटर. ससा मांडीवर, मागचे पाय नीट धरलेले. झटक्याने लाथ मारली तर सशाचा कणा मोडू शकतो. सामान्य तापमान 101.3 ते 104 फॅरनहाइट. नागपूरच्या मे महिन्यात उष्माघातही असू शकतो, तेव्हा नुसते कान चाचपून ठरवू नका. आकडा इथे लिहा.

सायली_प

अननसाचा रस नको. पोटात केसांचा गोळा झाला म्हणून आतडं थांबतं असा समज आहे. सशाच्या जठरात थोडे केस नेहमीच असतात. आतडं मंदावलं, पाणी कमी पडलं की ते अन्नासोबत घट्ट होतात. रसाने केस विरघळत नाहीत, साखरेने मात्र गॅस करणारे जिवाणू वाढतात. याच कारणाने ग्राइप वॉटरही नको.

थेंबांच्या बाटलीवरचे घटक वाचा. नुसतं सिमेथिकोन असेल तर 20 ते 40 मिग्रॅ, दर तासाला एकदा, असे तीन डोस देतात. ते गॅसचे बुडबुडे फोडतं, आतडं चालू करत नाही. म्हणून ते देऊन निवांत बसू नका. माणसांची वेदनाशामकं अजिबात नकोत.

अबोली, नागपूर

तापमान 100.0. पोट टणक नाही, मळलेल्या कणकेसारखं लागतंय. थेंबांत सिमेथिकोनसोबत बडीशेपेचं तेलही आहे.

हरळी

मग ते थेंब राहू द्या. 100.0 म्हणजे अंग गार पडलंय. कूलरचा झोत त्याच्यावरून आधी बाजूला करा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून कुशीला ठेवा, हवं तेव्हा त्याला दूर सरकता आलं पाहिजे. दर अर्ध्या तासाने तापमान बघा. 101 च्या वर येईपर्यंत भरवू नका, थंड पडलेलं आतडं अन्न पुढे ढकलत नाही.

हे चालू असतानाच फोन लावा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारा. जिथे जाल तिथे आधी दोन प्रश्न: ससे बघता का, एक्स-रे होतो का? एक्स-रेमध्ये अडथळा नाही हे दिसल्यावरच आतडं हलवणारं औषध द्यायचं असतं. कातडीखाली सलाइन आणि वेदनाशामक लागेल, कारण दुखतंय तोवर ससा खात नाही. मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाचा डोस सशाला कुत्र्यापेक्षा किलोमागे बराच जास्त लागतो, हे कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. तोंडाने अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक कुणी लिहून दिलं तर तिथेच थांबवा. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि ससा दगावू शकतो. दाढाही बघायला सांगा. गवत न चावणाऱ्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जीभ-गालाला टोचतात आणि खाणं सुटतं.

सायली_प

डॉक्टरांनी भरवायला सांगितलं की: पेलेटची पूड एक भाग, कोमट पाणी तीन भाग, वीस मिनिटं भिजवून गाळा. न गाळता भरलं तर सिरिंजचं तोंड चोंदतं आणि जोर लावला की घास एकदम घशात जातो. सिरिंज पुढच्या दातांमागच्या रिकाम्या जागेतून बाजूने घाला, मान वर करू नका. एका वेळी अर्धा ते एक मिली, चावून गिळल्यावर पुढचा. एका बैठकीत 10-15 मिली, दिवसात पाच-सहा वेळा.

अबोली, नागपूर

101.2 झालंय. महाविद्यालयातच नेतेय. गवत कुठलं आणू?

हरळी

नेताना टोपलीत टॉवेल घाला, वर फडकं टाका, उन्हाची झळ लागू देऊ नका. गवत टिमोथीचं, ऑनलाइन मिळतं. ते येईपर्यंत फवारणी न झालेली हरळी सावलीत सुकवून द्या. लसूणघास (अल्फाल्फा) नको, प्रौढ सशाला त्यात कॅल्शियम फार होतं. बरा झाल्यावर गवत सतत पुढ्यात हवं, पेलेट दिवसाला 40 ग्रॅमपर्यंत, बिस्किट-पोळी बंद. एक्स-रेत काय दिसलं ते कळवा.