मदत हवी आहे: फॅटी लिव्हरसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू ठेवाव्यात का?

नमस्कार. आम्ही सोलापूरला राहतो. माझ्या यजमानांचे वय ४८ असून ते अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात. दारूला ते शिवत नाहीत. तरीही पित्ताशयात खडे असावेत या शंकेने केलेल्या सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात साठलेली चरबी, निघाले. एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम) ७८, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) ६.१ आणि वजन ८४ किलो आहे. डॉक्टरांनी औषध दिले नाही. वजन ७ ते १० टक्क्यांनी, म्हणजे साधारण ६ ते ८ किलोंनी उतरवावे, गोड बंद करावे, रोज भरभर चालावे आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे, एवढेच त्यांनी सांगितले.

चिठ्ठीवर औषधच नाही म्हटल्यावर घरात चलबिचल झाली. माझ्या थोरल्या दिरांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि त्या सकाळ-संध्याकाळ सुरूही झाल्या. बाटलीवर पुढे हळकुंडांचे मोठे चित्र आहे. मागे मात्र अगदी बारीक अक्षरांत, एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याच्यासारखे हळदीतले पिवळे घटक) आणि सोबत ५ मिलिग्रॅम पिपेरिन (काळ्या मिरीतला तिखट घटक) असल्याचे छापले आहे. "आपण पिढ्यान्‌पिढ्या हळद खातो, तिचा कसला आलाय अपाय?" हे दिरांचे म्हणणे आणि सासूबाईंचा त्याला दुजोरा.

माझी शंका नेमकी इथे आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. त्या हिशेबाने दोन कॅप्सूलमधले ९५० मिलिग्रॅम म्हणजे रोजची सुमारे ३० ग्रॅम हळद झाली. एवढी हळद आमटी-भाजीतून एका माणसाच्या पोटात कधीच जात नाही. शिवाय कर्क्युमिन एरवी रक्तात फारच कमी शोषले जाते, आणि पिपेरिन घातले आहे ते याच अडचणीवर. बंगळुरू येथे झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिपेरिनमुळे हे शोषण माणसांमध्ये २० पटींच्या आसपास वाढल्याचे दिसले होते. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दाखला फोडणीतल्या हळदीला लागू पडतो, या कॅप्सूलला नाही, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील रंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ८४ किलोला ती सुमारे २५० मिलिग्रॅम येते.

कर्क्युमिनने यकृताची एन्झाइम्स थोडी खाली आल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे, हेही मी वाचले. परंतु त्या बहुतेक लहान आणि दोन-तीन महिन्यांच्या आहेत. यकृतातील व्रणवजा घट्टपणा त्याने कमी होतो असे त्यांतून सिद्ध होत नाही. दुसरीकडे, इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरके घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या गटाने नोंदवलेल्या अशा १० रुग्णांपैकी ७ जणांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार होता. म्हणजे हा धोका सरसकट सर्वांना नसावा. पण आपल्या घरातला माणूस कोणत्या गटातला, हे आधी कसे कळणार?

याहून मोठी अडचण पुढच्या रक्ततपासणीची वाटते. यजमान आता पहाटे चालायला जातात, कारखान्यातला साखरेचा चहा त्यांनी सोडला आहे आणि कॅप्सूलही चालू आहेत. एसजीपीटी उतरले तर घरात श्रेय कॅप्सूललाच मिळेल आणि चालणे मागे पडेल, हे मी आत्ताच लिहून देते. उलट ते वाढले, तर दुखणे वाढले की कॅप्सूल बाधली, हे डॉक्टरांना तरी कसे सांगता येईल? त्यांना विचारले तेव्हा "जेवणातली हळद खुशाल खा, कॅप्सूल मी सांगितलेली नाही," एवढेच ते म्हणाले. थोरल्या दिरांपुढे ते पुरेसे ठरत नाही.

आहाराबद्दलही विचारायचे आहे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आहे म्हणून आपण पथ्याचेच खातो, असा एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात ताटात तीन भाकऱ्या, वर भात आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी असते. त्या चटणीवर पुन्हा कच्चे तेल घेतल्याशिवाय घास उतरत नाही. चटणी पूर्ण बंद करणे यजमानांना जमणार नाही.

जाणकारांनी, विशेषतः यकृतविकारांच्या डॉक्टरांनी किंवा यातून गेलेल्यांनी, कृपया सांगावे. कॅप्सूल आजच बंद केल्यास तपासणी ठरल्या वेळीच करावी की आधी एकदा एसजीपीटी पाहून घ्यावे? लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे यांखेरीज कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी? ग्रेड २ असताना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी, आताच करावे काय? आणि दोन भाकऱ्यांच्या जेवणात शेंगाचटणी किती चमचे चालेल, हे कोणी आहारतज्ज्ञांना विचारले असल्यास तेही कळवावे.