पीएस२ (प्लेस्टेशन २) चा जुना सेव्ह पीसीएसएक्स२ (कॉम्प्युटरवर पीएस२ चे गेम चालवणारा एम्युलेटर) मध्ये कसा घ्यायचा? पीएसयू फाइल आहे पण गेमला दिसतच नाहीये

धाकटा_प्लेयर:
मित्रांनो मदत करा, दोन रात्री यातच गेल्यात. आमचा पीएस२ आता डिस्क वाचत नाही, लेन्स गेलीय, पण मेमरी कार्ड शाबूत आहे आणि त्यावर दादाचा जीटीए सॅन अँड्रियास गेमचा सेव्ह आहे, ८७ टक्के झालेला. तो खेळायचा आणि मी शेजारी बसून मॅप बघून सांगायचो आता डावीकडे घे, आता पूल आला, त्यामुळे हा सेव्ह मला काहीही झालं तरी घालवायचा नाहीये. एका मित्राने त्याचं फ्री एमसी बूटवालं कार्ड दिलं, ते कार्डवरूनच बूट होतं म्हणजे डिस्क लागत नाही, मग आमच्याच कन्सोलवर यूलाँचएल्फ (फाइल कॉपी करायचा प्रोग्राम) उघडून सेव्ह पेन ड्राइव्हवर घेतला, पेस्ट करताना पीएसयू पेस्ट निवडलं तर एक पीएसयू फाइल तयार झाली. बायोस (कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम, एम्युलेटरला लागतो) पण आमच्याच कन्सोलमधून काढलं.

आता कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स२ टाकलाय, गेम मस्त चालतोय. पीएसयू फाइल मेमकार्ड्स फोल्डरमध्ये टाकली, काही दिसलं नाही. एक्स्टेन्शन बदलून पीएस२ केलं, तरी नाही. वरून गेम विचारतो की स्लॉट १ मधलं कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, फॉरमॅट करू का. इथे मी घाबरून सगळं बंद केलं. हो म्हटलं तर दादाचा सेव्ह उडेल का?

जुनं_कार्ड:
भावा आधी श्वास घे, काही उडत नाही. गेम जे कार्ड फॉरमॅट करायला मागतोय ते पीसीएसएक्स२ ने स्वतः बनवलेलं नवं कोरं कार्ड आहे, म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरवरची एक साधी फाइल, तिचा तुझ्या खऱ्या कार्डाशी काही संबंध नाही आणि पीएसयू फाइलशी पण नाही. तरी पहिलं काम हे कर की त्या पीएसयू फाइलच्या दोन कॉपी करून वेगवेगळ्या जागी ठेव, मग पुढे जा.

तुझी गडबड कुठे होतेय सांगतो. पीएसयू म्हणजे एका गेमचा एकच सेव्ह बांधून ठेवलेलं गाठोडं. पीसीएसएक्स२ ला मात्र अख्खं कार्ड लागतं, ८ एमबीचं, त्याच्या आत फोल्डर असतात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक सेव्ह. तू गाठोडं उचललंस आणि कपाटाच्या जागी ठेवलंस, त्याला कपाटाचं नाव दिलंस, म्हणून ते कपाट होत नाही ना. गाठोडं कपाटात ठेवायचंय.

आता गेमला फॉरमॅट करू दे, बिनधास्त हो म्हण. फॉरमॅट झालं की पीसीएसएक्स२ पूर्ण बंद कर. नुसता गेम पॉज करून चालणार नाही, कारण एम्युलेटर ती फाइल उघडून बसलेला असतो आणि तू बाहेरून बदललंस तर एकतर तुझा बदल पुसला जाईल नाहीतर कार्डच बिघडेल. मग मायएमसी नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घे, जुनं चालत नसेल तर मायएमसी प्लस प्लस घे, त्यात डॉक्युमेंट्समधल्या पीसीएसएक्स२ च्या मेमकार्ड्स फोल्डरमधली एमसीडी००१ फाइल उघड आणि इम्पोर्ट करून तुझी पीएसयू निवड. झालं. कोरं कार्ड आधी फॉरमॅट करून घ्यायचं कारण हेच की न फॉरमॅट केलेली फाइल मायएमसी कार्ड म्हणून ओळखतच नाही, बरेच जण इथेच अडकतात आणि सॉफ्टवेअर खराब म्हणून सोडून देतात.

बिटबाइट:
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक तपासून बघ, तुझं कार्ड फाइल टाइपचं आहे की फोल्डर टाइपचं. पीसीएसएक्स२ मध्ये दोन्ही प्रकार बनवता येतात, सेटिंग्जमध्ये मेमरी कार्ड्स उघडलं की दिसतं. फोल्डर टाइपमध्ये मायएमसी चालत नाही, पण तिथेच कन्व्हर्टचा पर्याय आहे, त्याने फाइल करून घे.

आणि फाइल धड आहे का हे साइजवरून लगेच कळतं. ८ एमबीच्या कार्डाची साइज ८६,५०,७५२ बाइट असायला हवी. हा विचित्र आकडा येतो कारण कार्डावर १६,३८४ पानं असतात, प्रत्येक पानात ५१२ बाइट डेटा आणि वर १६ बाइट चूक पकडायला. एखादी फाइल बरोब्बर ८३,८८,६०८ ची मिळाली तर समजायचं की ते १६-१६ बाइट कोणीतरी गाळलेत. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी एका अर्धवट कॉपी झालेल्या कार्डावर आठवडाभर डोकं फोडलंय, म्हणून सगळ्यांना सांगत असतो की आधी राइट क्लिक करून साइज बघा.

धाकटा_प्लेयर:
खूप खूप आभार दोघांचे! फॉरमॅट केलं, मायएमसीत इम्पोर्ट केलं, लिस्टमध्ये सेव्हचं नाव आलं तेव्हा हात थरथरत होते खरंच. मग डिस्क न लावता नुसतं बायोस चालू केलं, त्याच्या ब्राउझरमध्ये (पीएस२ चा कार्ड बघायचा मेनू) जाऊन कार्ड उघडलं तर सेव्हचा आयकॉन तसाच फिरतोय जसा आमच्या टीव्हीवर फिरायचा.

पण गेम चालू करून लोड गेमवर गेलो तर म्हणतो सेव्हच नाही. कार्ड दिसतंय, ब्राउझरला सेव्ह दिसतोय, गेमला दिसत नाही. आता काय? गेमची डिस्क चुलतभावाकडून आणलीय कारण आमच्या डिस्कवर ओरखडे आहेत, त्याचा काही संबंध असेल का?

जुनं_कार्ड:
सगळा संबंध तिथेच आहे. रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागासाठी बनवलीय तो, वेगळा आहे. चुलतभावाची डिस्क अमेरिकन असणार आणि तुमची युरोपातली, जिला पाल (तिकडच्या टीव्ही पद्धतीचं नाव) म्हणतात. गेम सेव्ह शोधतो तो फोल्डरच्या नावावरून, आणि त्या नावात डिस्कचा नंबर असतो. अमेरिकन सॅन अँड्रियासचा नंबर एसएलयूएस-२०९४६ आणि पालचा एसएलईएस-५२५४१. अमेरिकन सेव्हच्या फोल्डरचं नाव बीए ने सुरू होतं, युरोपचं बीई ने, जपानचं बीआय ने. अमेरिकन गेम बीई वाल्या फोल्डरकडे बघणारसुद्धा नाही, त्याच्या दृष्टीने तो दुसऱ्याच कुठल्या गेमचा सेव्ह आहे. ब्राउझर मात्र कार्डावर जे असेल ते दाखवतो, म्हणून तुला तिथे दिसलं.

पीसीएसएक्स२ च्या गेम लिस्टमध्ये नंबरचा कॉलम असतो तो बघ आणि मायएमसीत सेव्हच्या फोल्डरचं नाव बघ, दोन्ही जुळायला हवेत.

बिटबाइट:
मायएमसीशिवाय पण बघता येतं. पीएसयू फाइल कॉम्प्रेस केलेली नसते, त्यामुळे कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, शून्यापासून मोजत ६४ व्या बाइटपासून फोल्डरचं नाव सरळ इंग्रजी अक्षरात वाचता येतं. मला हा प्रकार फार आवडतो, पहिल्या ओळी नुसत्या आकड्यांचा कचरा दिसतात आणि मग एकदम मधेच तुझ्या गेमचा नंबर उभा.

काही जण सांगतील फोल्डरचं नाव बदल, बीई चं बीए कर आणि नंबर बदल. काही गेममध्ये चालतं पण. पण बरेच गेम आतला डेटा पण तपासतात आणि मग सेव्ह करप्ट आहे म्हणतात. माझं मत, ज्या सेव्हवर जीव आहे त्यावर हा प्रयोग करू नये, तुमच्याच डिस्कचा आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली कॉपी) काढायचा प्रयत्न आधी कर. ओरखडे असले तरी मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही, आणि एका ड्राइव्हमध्ये वाचलं नाही तर दुसऱ्यात बघायचं, ड्राइव्हगणिक खूप फरक पडतो.

रात्रपाळी:
थ्रेड चालूच आहे तर मधेच विचारते, माझ्याकडे पीएस१ चे सेव्ह आहेत, जीएमई एक्स्टेन्शनच्या फाइल, फार जुन्या. डकस्टेशनमध्ये (पीएस१ चा एम्युलेटर) घ्यायच्या आहेत. त्या पण पीएसयूसारख्या एकेक सेव्हच्या असतात का?

बिटबाइट:
नाही ताई, उलटं आहे. जीएमई म्हणजे डेक्सड्राइव्हने (पीएस१ चं कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) काढलेलं अख्खं कार्ड, फक्त पुढे ३,९०४ बाइटची जास्तीची पट्टी चिकटवलेली. पीएस१ चं कार्ड १,३१,०७२ बाइटचं, त्यात ही पट्टी मिळवली की १,३४,९७६, तेवढी साइज असेल तर फाइल ठीक आहे. डकस्टेशनच्या टूल्समध्ये मेमरी कार्ड एडिटर आहे, तिथेच उघडून हवा तो सेव्ह उचलून दुसऱ्या कार्डात टाकता येतो. फक्त जागा बघा, पीएस१ च्या कार्डात १५ च ब्लॉक असतात. आणि डकस्टेशन बहुतेक वेळा प्रत्येक गेमला वेगळं कार्ड देतो, तेव्हा सेव्ह त्या गेमच्या नावाच्या कार्डातच टाका, नाहीतर परत तेच, टाकला तर आहे पण गेमला दिसत नाही.

रात्रपाळी:
साइज बरोब्बर १,३४,९७६! झालं पण, चार सेव्ह होते, चारही आले. खूप आभार.

धाकटा_प्लेयर:
मंडळी, झालं!!

आमची डिस्क माझ्या लॅपटॉपने वाचली नाही, ऑफिसमधल्या एकाच्या जुन्या डेस्कटॉपवर नेली, तिथे शेवटच्या भागात ड्राइव्ह खूप घरघरला, मला वाटलं गेलं, पण पूर्ण कॉपी झाली. गेम लिस्टमध्ये एसएलईएस-५२५४१ दिसलं आणि पीएसयू हेक्स एडिटरमध्ये उघडली तर तिथे पण बीईएसएलईएस-५२५४१, अगदी बिटबाइट म्हणाला तिथेच. लोड केलं. गेमचा हिरो सीजे ग्रोव्ह स्ट्रीटच्या घरासमोर उभा. स्टॅट्समध्ये ८७ टक्के. गॅरेज उघडलं तर आत दादाने ठेवलेली हिरवी गाडी, ती तो मला कधीच चालवू द्यायचा नाही, ठोकशील म्हणायचा. मी अजून पण चालवली नाही, गॅरेज परत बंद केलं. रविवारी दादा घरी येतोय, कंट्रोलर त्याच्याच हातात देणार.

जुनं_कार्ड:
वा! वाचून छान वाटलं भावा. आता रविवारच्या आधी एवढं कर. एमसीडी००१ ची कॉपी काढून तारखेच्या नावाने बाजूला ठेव. आणि दादाला सांग की सेव्ह गेमच्या आतूनच करायचा, घरातल्या सेव्हच्या खुणेवर जाऊन, नेहमीसारखा. एफ१ दाबून जी सेव्ह स्टेट होते ती वेगळी गोष्ट आहे, ती त्या क्षणाच्या मेमरीचा फोटो असते आणि एम्युलेटरचं व्हर्जन बदललं की उघडेलच असं नाही. त्यात अजून एक धोका आहे, तू इम्पोर्ट करायच्या आधी काढलेली एखादी जुनी स्टेट चुकून लोड केलीस तर गेमला कार्डाची तेव्हाची रचना आठवत असते, आणि त्याने त्याच समजुतीत सेव्ह केला तर नव्या सेव्हवर लिहून कार्ड बिघडवू शकतो. त्या दोन रात्रींत काढलेल्या स्टेट असतील तर आत्ताच डिलीट कर.

धाकटा_प्लेयर:
तीन होत्या, तिन्ही उडवल्या. कार्डाची कॉपी पेन ड्राइव्हवर आणि मेलवर पण टाकली. खरं कार्ड तसंच डबीत ठेवलंय, त्यावरचं काही पुसलेलं नाही.