सील शाबूत, नंबर तोच, तरी आत ११ खोकी कमी, हे कसं?

नाईटगाडी:
मंडळी जरा अर्जंट आहे. बंद कंटेनरमध्ये इलेक्ट्रॉनिकचा माल भरून निघालो, सील माझ्यासमोर मारलं, रात्री रस्त्याच्या कडेला चारेक तास झोपलो आणि सकाळी पोचलो तर सील जसंच्या तसं, नंबर पण जुळतो, पण आत मोजलं तर ११ खोकी कमी. आता शेठ म्हणतो तूच मधे कुठेतरी उतरवलीस. अहो सीलच तुटलं नाही तर मी काढणार कुठून? मध्यरात्री गाडी थोडी हलल्यासारखी वाटली होती खरी, मला वाटलं बाजूने एखादी मोठी गाडी गेली असेल, उठलो नाही. त्यात इथला एक जण सांगतो की चोर केबिनमध्ये गॅस सोडून ड्रायव्हरला बेशुद्ध करतात, सकाळी माझं डोकं पण जड होतं. असं होतं का खरंच? आणि समजा जाग आली असती तर एकट्याने करायचं काय होतं?

दहाचाकी:
भाऊ, मुरलेला चोर सीलला हातच लावत नाही. सील अडकवतात दाराच्या हँडलला, आणि हँडल बसवलेलं असतं एका रिव्हेटवर नाहीतर नट-बोल्टवर. तो रिव्हेट ड्रिलने उडवायचा, हँडल सीलसकट बाजूला, दार उघडलं, माल काढला, परत दार लावून नवा बोल्ट टाकायचा आणि वर रंगाचा हात मारायचा. सकाळी तुम्ही नंबर वाचता, नंबर बरोबर, पुढे निघता. म्हणजे पेटीला कुलूप तसंच आणि कोयंडा मागून उचकटलेला! गाडी अजून तिथेच असेल तर आधी खाली जाऊन उजव्या दाराचं हँडल नीट बघा, कुठे ताजा रंग, कुठे चकचकीत बोल्ट, कुठे लोखंडाचा भुगा. फोटो काढा, मग शेठशी बोला.

पुढच्यासाठी एक सवय लावून घ्या. प्रत्येक वेळी थांबून परत निघताना सील बघायचं, नंबर कागदाशी जुळवायचा, जोर लावून ओढायचं आणि पिळायचं. पिळणं सगळे विसरतात, पण कापून डिंकाने चिकटवलेलं सील पिळल्यावरच हातात येतं. आणि बोल्ट सीलवर (जाड लोखंडी खिळ्यासारखं सील) एच अक्षर असेल तरच ते आयएसओ १७७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हाय सिक्युरिटी, एस आणि आय त्याच्या खालचे. प्लॅस्टिकच्या पट्टीने फक्त कळतं की कोणीतरी उघडलं, थांबत कोणी नाही.

बिल्टीबहाद्दर:
दहाचाकी म्हणतात ते बरोबर, पण माझा प्रश्न वेगळाच आहे. भरताना खोकी मोजली कोणी? तुम्ही मोजली का? माझ्या बाबतीत एकदा असंच झालं, मला आत सोडलंच नाही, दार बंद झाल्यावर बिल्टी, म्हणजे मालाच्या पावतीचा कागद पुढे केला आणि मी पण घाईत सही ठोकली. माल गोडाऊनमधूनच कमी निघालेला असणार असं मला आजही वाटतं, पण सही माझी, सिद्ध काय करणार. तेव्हापासून मोजू दिलं नाही तर सहीच्या वरच लिहितो, "मोजणी माल पाठवणाऱ्याची, चालकाने मोजलेले नाही". तोंड वाकडं करतात, करू दे. शिवाय दार लावायच्या आधी आतला एक फोटो, सीलचा एक फोटो, वेळ दिसेल असा.

केबिनवासी:
गॅसचं डोक्यातून काढा. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने, मागेच स्पष्ट सांगितलंय की झोपलेल्या माणसाला कळू न देता खिडकीतून ईथर वगैरे सोडून बेशुद्ध करणं शक्य नाही, वासानेच माणूस उठेल. पण डोकं जड होतं म्हणताय ते मात्र हसण्यावारी नेऊ नका. इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपला होतात का? सायलेन्सर कुठे लीक असेल तर कार्बन मोनॉक्साईड आत येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं आणि पुढे माणूस उठतच नाही. चोराच्या आधी मेकॅनिक गाठा.

लोखंडीदांडा:
जाग आली की सरळ टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन उतरायचं, दोन ठेवून दिल्या की पळतात.

केबिनवासी:
दादा, आणि ते पाच जण निघाले तर? माल दुसऱ्याचा असतो आणि डोकं आपलं असतं. गाडी हलली, मागे आवाज आला तर दार उघडायचंच नाही. हॉर्न दाबून धरायचा, सगळे दिवे लावायचे, पोलिसांना फोन लावायचा, रस्ता मोकळा असेल तर गाडी काढून उजेडात न्यायची. आणि हत्यार दाखवून किल्ली मागितली तर देऊन टाकायची, हात दिसतील असे ठेवून. चेहरा, बोलण्याची ढब, गाडीचा नंबर लक्षात ठेवा, तेवढं पुरे.

दहाचाकी:
+१. आणि मुळात तिथे थांबायचं का हा प्रश्न आहे. महाग माल असला की चोर बऱ्याचदा गोडाऊनपासूनच मागे लागतात आणि वाट बघतात तुमच्या पहिल्या थांब्याची. म्हणून झोप, जेवण, डिझेल सगळं भरायच्या आधी उरकायचं आणि माल भरला की पहिले तीन-चार तास थांबायचंच नाही. तेवढी झोप झालेली नसेल तर मात्र निघू नका, कारण १७ तास जागा माणूस गाडी चालवतो ती थोडी दारू प्यायल्यासारखीच, हे प्रयोग करून बघितलेलं आहे. थांबलात तर मागचं दार भिंतीला लावून, भिंत नसेल तर ओळखीच्या गाडीच्या पाठीला पाठ. दार उघडायलाच जागा नको.

नाईटगाडी:
सगळ्यांचे आभार. आत्ताच बघून आलो. उजव्या हँडलचा बोल्ट नवाकोरा आहे, बाकी सगळे गंजलेले, आणि खालच्या पत्र्यावर काळा रंग सांडलाय. सहा फोटो काढले. मोजणी मी केली नव्हती हे खरं, सही मात्र केली. इंजिन पण चालू होतं रात्रभर. आधी पोलिसात जातोय, शेठला तिथूनच फोन करतो. बिल्टीबहाद्दर, ते वाक्य नेमकं कुठे लिहिता, बिल्टीच्या तिन्ही कॉपीवर की फक्त आपल्या?

बिल्टीबहाद्दर:
तिन्हीवर. आणि त्यांची सही पण घ्यायची खाली.