‘भौतिकशास्त्र’ हा शब्द ‘फिजिक्स’च्या मूळ अर्थाजवळ जातो का?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

माझी मुलगी यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. परवा रामकुंडावरून परतताना तिने विचारले, की प्रवचनात ‘भौतिक सुखाच्या मागे लागू नका’ असे सांगतात तेव्हा भौतिक म्हणजे ऐहिक, नाशवंत असा अर्थ असतो. मग प्रकाश, चुंबकत्व आणि ग्रहांची गती यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला तेच विशेषण कसे लावले? तिच्या आजोबांच्या जुन्या पाठ्यपुस्तकावर तर ‘पदार्थविज्ञान’ असे नाव आहे. मुळात ‘फिजिक्स’ या शब्दाचा अर्थ काय आणि आपला शब्द त्याच्याशी जुळतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : पंचवटीचा संस्कृतवाचक

ताई, तुमच्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘फिजिक्स’च्या मुळाशी ग्रीक भाषेतील ‘फ्युसिस’ हा शब्द आहे. तो ‘फ्युओ’, म्हणजे उगवणे, वाढणे, उत्पन्न करणे, या क्रियापदापासून झाला. त्यामुळे ‘फ्युसिस’ म्हणजे नुसता निसर्ग नव्हे, तर एखादी वस्तू आपल्या अंगच्या गुणाने जशी घडत आणि वाढत जाते तो तिचा स्वभाव. ॲरिस्टॉटलने या विषयावरील आपल्या ग्रंथात एक जुना दाखला दिला आहे: लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि त्याला कोंब फुटला, तर उगवेल ते लाकूड, पलंग नव्हे. पलंगाचा आकार सुताराने दिलेला असतो, वाढण्याची शक्ती मात्र लाकडाची स्वतःची असते. हलण्याचे आणि थांबण्याचे कारण ज्याच्या आतच आहे, त्याला तो ‘फ्युसिस’ने असलेले म्हणतो.

आता आपला शब्द पाहा. पाणिनीय धातुपाठातला, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीतला, अगदी पहिला धातू ‘भू’, म्हणजे असणे, होणे. त्यापासून ‘भूत’, म्हणजे जे झाले ते. ‘भूतकाळ’ या शब्दात हाच अर्थ आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पंचमहाभूते, आणि ‘भूत’ला ‘इक’ प्रत्यय लागून, लोक-लौकिक यांप्रमाणे पहिल्या स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे ‘ऊ’चा ‘औ’ होऊन, ‘भौतिक’ झाले. मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की भाषाशास्त्रज्ञ ‘भू’ आणि ‘फ्युओ’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज मानतात. संस्कृतातील ‘भ’च्या जागी ग्रीकमध्ये सहसा ‘फ’ येतो: भरामि-फेरो, भ्राता-फ्राटेर. प्राचीन ग्रीकांचा तो ‘फ’ही दात ओठावर टेकवून म्हटलेला नव्हता, ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून आपण जो नीट उच्चारतो, तसाच तो होता. इंग्रजीतील ‘बी’, म्हणजे असणे, हे क्रियापदही याच कुळातले आहे.

तेव्हा प्रवचनातला ‘भौतिक’ आणि पुस्तकातला ‘भौतिक’ हा शब्द एकच आहे. पहिल्या ठिकाणी त्याला अध्यात्माच्या विरोधात उभे केल्यामुळे त्याच्यावर गौणपणाची छाया पडली, एवढेच.

उत्तर : निवृत्त शिक्षक (नाशिक रोड)

वरील विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे; फक्त एक सावधगिरी सुचवतो. यावरून ग्रीकांनी हा शब्द संस्कृतातून घेतला असा निष्कर्ष कोणी काढू नये. या दोन भाषा बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

‘पदार्थविज्ञान’ मी स्वतः शाळेत शिकलो, आणि तेही नाव अर्थपूर्ण आहे. ‘पदार्थ’ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने ज्याचा बोध होतो ते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले आहेत, म्हणजे गुण आणि गतीही त्यांत आल्या. आज मात्र पदार्थ म्हटले की वस्तू किंवा खाण्याचा जिन्नस डोळ्यांसमोर येतो आणि प्रकाश किंवा ऊर्जा त्यात बसत नाही, म्हणून मला ‘भौतिकशास्त्र’ अधिक योग्य वाटते.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मुलीची आणखी एक शंका आहे: मग इंग्रजीत ‘फिजिशियन’ म्हणजे डॉक्टर कसा?

उत्तर : निवृत्त शिक्षक (नाशिक रोड)

ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘फिजिका’ झाला आणि मध्ययुगात तो वैद्यकासाठीही वापरला जाऊ लागला, कारण वैद्याला शरीराचा स्वभाव ओळखावा लागतो. पदार्थांच्या गतीचा अभ्यास पुढेही दीर्घकाळ ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ याच नावाने होत राहिला. न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाच्या शीर्षकातही तेच शब्द आहेत. पुढे या शास्त्राच्या अभ्यासकाला काय म्हणावे हा प्रश्न आला, तेव्हा इंग्रजीत ‘फिजिशियन’ डॉक्टरांकडे गेलेला होता, म्हणून इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी 1840 मध्ये ‘फिजिसिस्ट’ हा नवा शब्द घडवला. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापनाही त्याच वर्षीची. फ्रेंच भाषेत मात्र ‘फिजिसियँ’ म्हणजे आजही भौतिकशास्त्रज्ञच.